थंडीतील गळ : जिवंत आमिषासाठी काठी कशी निवडावी?

दिवाळी सरली, की मुळा, प्रवरा, गोदावरी आणि भीमा या नद्यांच्या काठांवर गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींची वर्दळ दिसू लागते. पावसाळ्यातील गढूळ पाणी निवळलेले असते, जलाशयांत पुरेसा साठा असतो आणि शेतीच्या कामांतून सुटीचा एखादा दिवसही काढता येतो. मात्र याच दिवसांत मरळ, शिवडा यांसारखे शिकारी मासे सुस्तावतात. पावसाळ्याच्या तोंडावर धाडकन आमिष ओढणारा मासा थंडीत ते हळूच तोंडात धरतो आणि किंचित जरी ताण जाणवला तरी सोडून देतो. अशा वेळी गळ टाकणाऱ्याच्या कौशल्याइतकेच महत्त्व त्याच्या हातातील काठीला येते. बाजारात आज बांबू, फायबर, कार्बन असे अनेक पर्याय आहेत. तरीही बहुतेकांची खरेदी ‘किती फुटी?’ आणि ‘कितीला?’ या दोन प्रश्नांवरच उरकते. जिवंत आमिषाची काठी निवडताना काय पाहावे, याची ही माहिती.

जिल्ह्यातील पाणी आणि शिकारी मासे

२०२४ मध्ये अहिल्यानगर असे नामकरण झालेल्या अहमदनगर जिल्ह्याची ओळख अवर्षणप्रवण जिल्हा अशी असली, तरी येथे मोठे जलाशय आहेत. राहुरी तालुक्यातील बारागाव नांदूर येथील मुळा धरणाची साठवण क्षमता सुमारे २६ टीएमसी असून त्याचा जलाशय ‘ज्ञानेश्वर सागर’ या नावाने ओळखला जातो. अकोले तालुक्यातील भंडारदरा धरण प्रवरेवर १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याची क्षमता सुमारे ११ टीएमसी आहे. जायकवाडीच्या नाथसागराचा फुगवटा शेवगाव व नेवासा तालुक्यांत, तर उजनीचा फुगवटा कर्जत तालुक्याच्या कडेपर्यंत येतो. याशिवाय श्रीगोंदा तालुक्यातील ब्रिटिशकालीन विसापूर तलाव आणि गावोगावचे पाझर तलाव आहेतच.

या पाण्यातील सर्वच मासे जिवंत आमिष घेत नाहीत. कटला, रोहू आणि मृगळ या कार्प जातींसाठी पीठ, पेंड यांचे गोळे लागतात. त्यांच्यासाठी घेतलेली हलकी काठी जिवंत आमिषाला अपुरी पडते. जिवंत आमिषावर झडप घालतात ते मरळ, फुलमरळ, शिवडा आणि शिंगाळा. यांपैकी फुलमरळ एक मीटरहून अधिक वाढू शकते. शिवडाही त्याच तोडीचा असून त्याच्या रुंद जबड्यात बारीक दातांच्या रांगा असतात. मरळीचे तोंड हाडाळ आणि कठीण असते. काठी घेताना आपण यांपैकी कशाच्या मागे आहोत, हे आधी ठरवलेले बरे.

थंडीत मासा का मंदावतो?

मासा हा शीतरक्ताचा प्राणी आहे. त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याबरोबर बदलते. पाणी थंड झाले, की त्याची पचनक्रिया मंदावते, अन्नाची गरज घटते आणि भक्ष्यामागे लांबवर धावण्याची त्याची तयारी राहत नाही. डिसेंबर-जानेवारीत नगर परिसरातील किमान तापमान अनेकदा दहा अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. मोठ्या जलाशयातील पाणी हवेइतके थंड होत नाही. तथापि, आपल्याकडील उष्ण पाण्याला सरावलेल्या माशांना एवढी घटही पुरेशी जाणवते.

मरळीची गोष्ट आणखी वेगळी आहे. कल्ल्यांबरोबरच डोक्यातील खास पोकळीच्या साह्याने ती हवेतील प्राणवायू घेते व त्यासाठी ठरावीक अंतराने पृष्ठभागावर येते. थंड पाण्यात तिची प्राणवायूची गरज घटते, त्यामुळे ती वर येण्याचे प्रमाणही कमी होते. परिणामी पाण्यावर उठणारे बुडबुडे पाहून तिचा ठाव घेणे अवघड जाते. सकाळचे ऊन चढल्यावर उथळ, पाणवनस्पतींनी वेढलेल्या कडा लवकर तापतात. हिवाळ्यात मरळीचा गळ टाकायचा तर सकाळी अकरा ते दुपारी चार ही वेळ आणि अशा उथळ जागा अधिक उपयोगी ठरतात. शिवडा मात्र मुख्यतः अंधारात शिकार करणारा असल्याने त्याच्यासाठी सायंकाळनंतरची वेळ धरली जाते.

मंदावलेल्या माशाला आमिष दूरवर फेकून ओढत आणणे फारसे फळत नाही. आमिष त्याच्या तोंडाशी बराच वेळ संथपणे हलत राहायला हवे. जिवंत आमिषाचे महत्त्व येथेच आहे आणि काठीची निवडही येथूनच ठरते.

मस्कीच्या शिकाऱ्यांचा धडा

थंड पाण्यात जिवंत आमिषाने केलेल्या मासेमारीचा सर्वाधिक विचार उत्तर अमेरिकेत झाला आहे. तेथील सरोवरांत आढळणारा मस्की, म्हणजेच मस्केलंज, हा गोड्या पाण्यातील मोठा शिकारी मासा चकवा देण्याबाबत प्रसिद्ध आहे. शरद ऋतूच्या अखेरीस, सरोवरे गोठण्यापूर्वी, तेथील मंडळी ‘सकर’ जातीचा फूट-दीड फूट लांबीचा जिवंत मासा आमिष म्हणून वापरतात. एवढे जड आमिष सांभाळण्यासाठी साधारण आठ ते नऊ फुटी, अत्यंत भक्कम काठी घेतली जाते.

पूर्वी तेथे एकेरी गळ लावून मासा आमिष गिळेपर्यंत थांबण्याची पद्धत होती. गिळलेला गळ पोटात रुतल्याने पाण्यात परत सोडलेले मासेही पुढे मोठ्या प्रमाणात दगावतात, असे विस्कॉन्सिन राज्यातील अभ्यासात दिसून आले. त्यानंतर मासा आमिष तोंडात धरताच ताण देता येईल, अशा रचनेचे गळ वापरण्याकडे कल वाढला.

मस्की आपल्याकडे नाही आणि त्याच्यासाठीची काठी मरळीला अनावश्यक जड पडते. त्यामुळे परदेशी माहितीच्या आधारे तीच काठी मागवणे व्यर्थ ठरते. त्या अनुभवातून घेण्यासारखे सूत्र एकच आहे : शेंडा नरम, बुंधा भक्कम. शेंडा नरम असेल तर आमिष धरणाऱ्या माशाला काठीचा विरोध जाणवत नाही आणि शेंड्याच्या हालचालीवरून आमिष नुसतेच पोहत आहे की कोणी तोंडात धरले आहे, हेही कळते. बुंधा भक्कम असेल तर कठीण जबड्यात गळ रुतवता येतो व पाणवनस्पतीत घुसणाऱ्या माशाला वळवता येते.

बांबू, फायबर आणि कार्बन

भारतातील गळाच्या मासेमारीवर हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातील अधिकाऱ्याने ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध केला. त्या काळी काठी म्हणजे वेळू किंवा लाकूड. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंच्या, म्हणजे फायबर ग्लासच्या, काठ्या आल्या. १९७०च्या दशकात कार्बन तंतूंच्या काठ्या बाजारात उतरल्या. आज या तिन्ही प्रकारच्या काठ्या उपलब्ध आहेत.

भरीव वेळूची काठी स्वस्त, चिवट आणि गावातच मिळणारी. काठालगतच्या मरळीसाठी ती आजही उत्तम काम देते. मात्र तिला चक्री व कड्या नसल्याने दोराची लांबी मर्यादित राहते. मोठ्या शिवड्याला दोर सोडून दमवण्याची सोय तिच्यात नाही.

फायबर ग्लासची काठी वजनाने जड, परंतु लवचिक असते. ती बुंध्यापर्यंत वाकते, धक्का पचवते आणि दगडावर आपटली तरी सहसा टिकते. जिवंत आमिष हलक्या हाताने फेकण्यासाठी तिचा संथ बाक फायद्याचा ठरतो.

कार्बनची काठी हलकी, ताठ आणि संवेदनशील असते. दिवसभर हातात धरायची असेल तर तिचा हलकेपणा जाणवतो. मात्र तिला बसलेला बारीक टोलाही घातक ठरू शकतो. टोल्याने तंतूंना इजा झाली, की पुढे ताण आल्यावर काठी त्याच ठिकाणी मोडते. शिवाय अतिताठ कार्बन काठीने फेकताना आमिषाला हिसका बसतो आणि ते गळावरून निसटते.

दोन्हींचे मिश्रण असलेल्या काठ्याही मिळतात. थंडीतील जिवंत आमिषासाठी प्रथमच खरेदी करणाऱ्याला अशी मिश्र किंवा चांगल्या प्रतीची फायबर काठी अधिक सोयीची. एकात एक सरकणाऱ्या, म्हणजे टेलिस्कोपिक, काठ्या प्रवासाला बऱ्या असल्या तरी त्यांचे सांधे अनेक असतात व त्यांत वाळू अडकते. जड आमिष आणि मोठा मासा यांसाठी दोन तुकड्यांची काठी अधिक विश्वासाची.

काठीवरील आकडे कसे वाचावेत?

मुठीच्या वरच्या भागावर सामान्यतः तीन गोष्टी छापलेल्या असतात : लांबी, दोराची ताकद आणि फेकण्याचे वजन. लांबी फुटांत किंवा मीटरमध्ये, दोराची ताकद पौंडांत किंवा किलोत, तर वजन औंसांत किंवा ग्रॅममध्ये दिलेले असते. एक फूट म्हणजे सुमारे ३०.५ सेंटिमीटर, एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम आणि एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, हे ध्यानात ठेवावे.

जिवंत आमिषासाठी यांतील सर्वांत महत्त्वाचा आकडा फेकण्याच्या वजनाचा. आमिषाचा मासा, शिसे, बूच आणि गळ यांचे एकूण वजन त्या मर्यादेत बसले पाहिजे. घरी किंवा किराणा दुकानातील काट्यावर ते एकदा मोजून पाहावे. मरळीसाठी चार-पाच इंची आमिष, बूच व शिसे मिळून वजन सहज ४० ते ६० ग्रॅमपर्यंत जाते. १० ते ३० ग्रॅम असे छापलेली काठी येथे कमी पडते. एकूण वजन कमाल मर्यादेच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास राहील, अशी काठी घेतल्यास हाताशी पुरेसा अवकाश राहतो.

‘पॉवर’ आणि ‘ॲक्शन’ या दोन शब्दांची अनेकदा गल्लत होते. पॉवर म्हणजे काठी वाकवण्यास लागणारे बळ. ‘लाइट’, ‘मीडियम’, ‘मीडियम हेवी’, ‘हेवी’ अशी तिची प्रतवारी असते. ॲक्शन म्हणजे काठी कोठून वाकते ते. ‘फास्ट’ काठी केवळ शेंड्याकडे वाकते, ‘मॉडरेट’ मध्यापासून आणि ‘स्लो’ बुंध्यापासून. थंडीतील जिवंत आमिषासाठी ‘मीडियम हेवी’ पॉवर आणि ‘मॉडरेट’ किंवा ‘मॉडरेट फास्ट’ ॲक्शन हा मेळ सर्वसाधारणपणे योग्य ठरतो. ही प्रतवारी सर्व उत्पादकांची सारखी नसते, म्हणून छापील शब्दावर विसंबून न राहता काठी प्रत्यक्ष वाकवून पाहावी.

कोणत्या जागी कोणती काठी?

पाझर तलाव व पाणवनस्पतींच्या कडा : येथे मरळ हाताच्या अंतरावर असते. सात ते आठ फुटी काठी पुरेशी होते. बुंधा भक्कम हवा, कारण गळ लागताच मरळ वनस्पतींत शिरते.

धरणाचा दगडी काठ व उतार : पाण्यापासून काही अंतरावर उभे राहावे लागते आणि दोर दगडांना घासतो. नऊ ते दहा फुटी काठी दोर उंच धरते. लांब काठीने जिवंत आमिष हिसका न देता, झुल्यासारखे पुढे सोडता येते.

नदीचे डोह : शिवडा व शिंगाळा तळाशी असतात. शिसे जड लागते. आठ ते नऊ फुटी ‘हेवी’ काठी आणि दोराचा पुरेसा साठा असलेली चक्री घ्यावी.

चक्री आणि दोर

काठी, चक्री आणि दोर हा एकच संच आहे. काठीवर दोराची मर्यादा ९ ते १४ किलो असताना ३० किलोचा दोर लावला, तर ताणाच्या वेळी दोराऐवजी काठी मोडते. मरळ व मध्यम शिवड्यासाठी ९ ते १४ किलो ताकदीचा तंगूस बहुतेक ठिकाणी पुरतो. तंगूस ताणतो, त्यामुळे धक्का पचतो. थंडीत मात्र तो थोडा ताठर होऊन चक्रीवरून वेटोळ्यांच्या रूपात सुटतो. हंगामाच्या प्रारंभी जुना तंगूस बदलणे हिताचे. विणलेला दोर जवळजवळ ताणत नाही. तो लावल्यास काठी अधिक लवचिक हवी. शिवड्याचे दात लक्षात घेता शेवटच्या दीड-दोन फुटांत जाड तंगूस किंवा तारेचा तुकडा जोडावा.

चक्रीचा ब्रेक दोराच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश इतका ठेवण्याचा प्रघात आहे. १२ किलोच्या दोराला तीन ते चार किलोंवर ब्रेक सुटला पाहिजे. स्प्रिंगचा वजनकाटा दोराच्या टोकाला अडकवून हे घरीच तपासता येते.

दुकानात तपासणी अशी करा

- काठी जोडून शेंडा सोबतच्या व्यक्तीला धरायला सांगावा व हळूहळू बाक द्यावा. बाक अखंड असावा. सांध्याजवळ कोन पडत असेल तर ती काठी नको.
- शक्य असल्यास चक्री लावून, दोर कड्यांतून ओवून अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली टांगावी. शेंडा वाकला आणि बुंधा सरळ राहिला, तर काठी कामाची.
- प्रत्येक कडीच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. कापूस अडकला तर कडीला तडा आहे. असा तडा दोर कापतो.
- कड्या मोजाव्यात. साधारणपणे प्रत्येक फुटामागे एक कडी असावी. त्या कमी असल्यास बाकाच्या वेळी दोर काठीला घासतो.
- मूठ बूच किंवा फोमची घ्यावी. पहाटेच्या गारठ्यात उघड्या धातूच्या मुठीने बोटे बधिर होतात.
- सांधा घट्ट बसावा, परंतु हाताने सुटावा.

आमिष, गळ आणि माशाची काळजी

आमिष म्हणून त्याच पाण्यातील लहान चिलापी किंवा तत्सम मासा घ्यावा. एका जलाशयातील जिवंत मासे दुसऱ्यात नेल्यास परक्या जाती व रोग पसरतात. उरलेले आमिष दुसऱ्या तलावात सोडू नये. मरळीसाठी बेडूक लावण्याची जुनी रीत आता सोडून दिलेली बरी. भारताने बेडकांच्या पायांची निर्यात १९८७ मध्ये बंद केली असून बेडकांच्या काही जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात. रबरी बेडूक हा त्याला चांगला पर्याय आहे.

गोलाकार गळ, म्हणजे ‘सर्कल हुक’, जबड्याच्या कोपऱ्यात रुततो व सहसा पोटात जात नाही. त्याला हिसका द्यायचा नसतो. दोर तंग करून काठी संथपणे उचलायची असते. नरम शेंड्याची काठी येथेही कामी येते. शिवडा जागतिक पातळीवरील धोकाग्रस्त प्रजातींच्या यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे. त्यामुळे लहान शिवडा गळ काढून परत सोडणे आवश्यक ठरते. मरळ पावसाळ्यात पिलांचे राखण करते. पिलांच्या थव्यावर गळ टाकू नये, कारण पालक मासा गेला की संपूर्ण थवा नष्ट होतो.

परवानगी आणि सुरक्षितता

जलाशयांतील मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत ठेक्याने दिले जातात व अनेक ठिकाणी ते मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. भोई, कहार, कोळी, भिल्ल समाजातील अनेक कुटुंबांची उपजीविका या पाण्यावर चालते. हौशी व्यक्तीने गळ टाकण्यापूर्वी संबंधित संस्थेची परवानगी घेणे हा कायद्याचा व शिष्टाचाराचाही भाग आहे. संस्थेच्या जाळ्यांजवळ गळ टाकू नये. जायकवाडी जलाशय पक्षी अभयारण्य असून भंडारदरा परिसराला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य लागून आहे. ही दोन्ही अभयारण्ये १९८६ मध्ये घोषित झाली. तेथे वन विभागाकडे चौकशी केल्याविना मासेमारी करू नये. सुरुंग वा विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे.

सर्वांत गंभीर धोका विजेचा आहे. कार्बन हा विजेचा सुवाहक आहे. मुळा आणि गोदावरीच्या फुगवट्याकाठी उपसा सिंचनाच्या मोटारी आणि त्यांच्या वीजवाहिन्या जागोजागी असतात. रब्बीच्या दिवसांत त्या सतत सुरू असतात. नऊ-दहा फुटी काठी उभी धरून तारांखालून जाणे जीवघेणे ठरू शकते. ओला बांबूही अशा वेळी सुरक्षित नसतो. जागा बदलताना काठी दोन तुकड्यांत सोडवून आडवी न्यावी आणि मोटारीच्या केबलजवळ पाण्यात पाय घालू नये. आवर्तन सुटून पाणी मागे हटले, की काठावर गाळ उघडा पडतो. वरून सुकलेला दिसणारा हा गाळ माणसाला गुडघ्यापर्यंत ओढून घेतो. एकट्याने, विशेषतः अंधारात, गळाला जाणे टाळावे.

घरी परतल्यावर काठी गोड्या पाण्याने पुसून सुकवावी, तुकडे वेगळे करून उभे किंवा आडवे सपाट ठेवावेत. भिंतीला तिरकी टेकवून ठेवलेली फायबरची वा बांबूची काठी कालांतराने बाक धरते. सांध्याला मेणबत्तीचे मेण हलके चोळल्यास तो घट्टही बसतो आणि सहज सुटतोही. एवढी निगा राखली, तर साधी फायबर काठीही अनेक हिवाळे साथ देते. खरेदीच्या वेळी किमतीचा आकडा पाहण्यापूर्वी आमिषाचे वजन हाताशी असावे आणि काठीचा शेंडा स्वतः वाकवून पाहिलेला असावा.